दहा महिने आणि सदुसष्ट वर्षं



स्मृतिव्याख्यानात बोलायचं म्हटलं की वक्ता सहसा आपल्या मातीतलं माणूस निवडतो. मी निवडलेली बाई न्यूयॉर्क राज्यातल्या एका शेतकऱ्याची मुलगी. नाव अँटोनेट ब्राऊन, लग्नानंतर अँटोनेट ब्राऊन ब्लॅकवेल. जन्म 20 मे 1825, मृत्यू 5 नोव्हेंबर 1921. अमेरिकेच्या इतिहासाच्या पुस्तकांत त्यांच्या वाट्याला बहुधा एकच ओळ येते: ख्रिस्ती मंडळीने रीतसर दीक्षा देऊन पाळक नेमलेली त्या देशातली पहिली स्त्री.

माझी तक्रार या ओळीबद्दल आहे. 'पहिली महिला अमुक' म्हटलं की आपणही शाल-श्रीफळ घेऊन धावतो, फोटो काढतो आणि घरी जातो. त्या बाईचं पुढे काय झालं, हे विचारायला कोणी थांबत नाही. अँटोनेटबाईंच्या बाबतीत हे फारच अन्यायाचं आहे, कारण दीक्षा मिळाल्यावर त्या मंडळीत त्या जेमतेम दहा महिने टिकल्या. त्यानंतर त्या सदुसष्ट वर्षं जगल्या. मला बोलायचंय ते मुख्यतः त्या सदुसष्ट वर्षांबद्दल. पण दहा महिन्यांपर्यंत त्या पोचल्या कशा, हे आधी सांगावं लागेल.

हेनरीएटा हे त्यांचं गाव रॉचेस्टर शहराजवळचं. 1830-31 च्या हिवाळ्यात चार्ल्स फिनी नावाच्या उपदेशकाने रॉचेस्टरमध्ये अशी काही हवा केली की सगळा मुलूख धर्मभावनेने ढवळून निघाला. ब्राऊन कुटुंबही त्यात आलं. मुलगी नऊ वर्षांचीही झाली नव्हती, तेव्हा तिने आपण होऊन मंडळीपुढे आपली श्रद्धा सांगितली आणि तिला सभासद करून घेण्यात आलं. म्हणजे मंडळीपुढे उभं राहून बोलण्याची सवय तिला बालपणीच लागली. मोठी झाल्यावर तेच बोलणं गैर कसं ठरतं, हे तिला कधीच पटलं नाही. सोळाव्या वर्षी ती शाळेत शिकवू लागली, पैसे साठवले आणि 1846 साली ओहायोतल्या ऑबरलिन महाविद्यालयात दाखल झाली.

ऑबरलिनबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण सुधारणावाद्यांच्या घरातली मेख तिथे स्वच्छ दिसते. 1833 साली स्थापन झालेल्या या संस्थेने 1835 मध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना दार उघडलं, 1837 मध्ये स्त्रियांना पदवीच्या अभ्यासक्रमात घेतलं. त्या काळात ही क्रांतीच होती. पण सोमवारी वर्ग नसत, कारण त्या दिवशी मुली मुलग्यांचे कपडे धूत. खोल्या झाडणं आणि पानं वाढणं हेही मुलींकडेच. वक्तृत्वाच्या वर्गात मुली बसत, पण ऐकायला. बोलायचं मुलग्यांनी. आपल्याकडच्या पुरोगामी घरांतल्या चहाच्या कपबशा कोण विसळतं, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना यात नवल वाटणार नाही.

तिथे तिला लूसी स्टोन भेटली, पुढे अमेरिकेतल्या स्त्री-चळवळीची धुरीण झालेली. दोघींनी मिळून मुलींचं एक गुपचूप वादमंडळ काढलं. गावाच्या कडेला एका वृद्ध कृष्णवर्णीय बाईचं घर होतं, तिथे जमायचं आणि वर्गात तोंडातून निघू न दिलेलं सगळं तिथे बोलून घ्यायचं. मैत्री अशी जुळली की जन्मभर टिकली. पण पाळक होण्याचा विचार अँटोनेटने बोलून दाखवला तेव्हा लूसीनेच तो वेड्यात काढला. हे कधी व्हायचं नाही, असं तिचं स्पष्ट मत. लूसीचा चर्चवरचा विश्वास तोवर उडाला होता आणि अँटोनेटचा उडाला नव्हता, हा दोघींतला खरा फरक.

साहित्याचा अभ्यासक्रम 1847 मध्ये संपला आणि अँटोनेटने ईश्वरविज्ञानाचे वर्ग सुरू केले. शिकवायला होते तेच फिनी. संस्थेची पंचाईत झाली. तिला हाकलायचं तर स्वतःचंच तत्त्व मोडतं आणि मान्यता द्यायची तर चर्च खवळतं. मग संस्थांना नेहमी सुचतो तो मार्ग निघाला: बसू द्या, पण नाव लावू नका. ती वर्गात बसली, सगळा अभ्यास केला, बायबलातल्या पौलाच्या पत्रांवर निबंध लिहिला. बायकांनी मंडळीत गप्प राहावं या अर्थाचं पौलाचं जे वचन तिच्या तोंडावर सतत फेकलं जायचं, तेच तिने विषय म्हणून घेतलं. मूळ ग्रीकाचा आधार घेऊन तिने मांडलं की पौलाचा रोख सभेत चाललेल्या बेशिस्त बडबडीवर आहे, स्त्रियांच्या उपदेशावर नाही. हा निबंध 1849 साली ऑबरलिनच्याच त्रैमासिकात छापला गेला. लेख छापला, पण उपदेशाचा परवाना दिला नाही. 1850 मध्ये अभ्यासक्रम पुरा झाला, पदवी मात्र मिळाली नाही.

मग तीन वर्षं फिरती. व्याख्यानं द्यायची, कुठे मंडळीने बोलावलं तर उपदेश करायचा. ऑक्टोबर 1850 मध्ये वूस्टर इथे स्त्रियांच्या हक्कांसाठी पहिलं राष्ट्रीय अधिवेशन भरलं, तिथे ती बायबलच्या आधाराने बोलली. न्यूयॉर्कच्या 'ट्रिब्यून' पत्राचे संपादक होरेस ग्रीली आणि त्यांचे सहकारी चार्ल्स डेना यांनी देऊ केलं की न्यूयॉर्कमध्ये नियमित उपदेश करा, वर्षाला हजार डॉलर देऊ. तिने नको म्हटलं. एवढ्या मोठ्या शहराला पुरे पडेल इतका अनुभव आपल्यापाशी नाही, असं तिचं म्हणणं. तिने पत्करलं साउथ बटलर हे न्यूयॉर्क राज्यातलं छोटं खेडं, वर्षाला तीनशे डॉलरवर. प्रसिद्धीची हाव असलेली बाई असा व्यवहार करत नाही.

सप्टेंबर 1853 मधले दोन प्रसंग शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात न्यूयॉर्कला जागतिक मद्यनिषेध परिषद भरली. अँटोनेटबाई रीतसर प्रतिनिधी म्हणून गेल्या, अध्यक्षांनी बोलायची परवानगी दिली, त्या व्यासपीठावर उभ्या राहिल्या. समोरच्या सभ्य गृहस्थांनी, ज्यात पाळकांची संख्या मोठी होती, आरडाओरडा सुरू केला. हरकतीचे मुद्दे, पुन्हा ओरडा. बाई उभ्याच. एक वाक्य बोलू न देता त्यांना उतरावं लागलं. दारूने माणसाचा तोल जातो हे सांगायला जमलेली ती सभा. आणि मग 15 सप्टेंबरला साउथ बटलरच्या काँग्रिगेशनल मंडळीने आपल्या या पाळकाला विधिपूर्वक दीक्षा दिली. प्रवचन केलं मेथडिस्टांच्या वेस्लियन शाखेच्या ल्यूथर ली यांनी, स्त्रीला उपदेशाचा अधिकार आहे या विषयावर, पौलाच्याच गलतीकरांस पत्राचा आधार घेऊन. वरच्या धर्मसंस्थेने मान्यता दिली नव्हती, एका गावच्या मंडळीने दिली होती. म्हणून काही इतिहासकार पहिलेपणाचा मान 1863 मध्ये युनिव्हर्सलिस्ट पंथाने दीक्षा दिलेल्या ऑलिंपिया ब्राऊन यांना देतात. या ऑलिंपियाने विद्यार्थिदशेत खटपट करून अँटोनेटबाईंना आपल्या महाविद्यालयात बोलावून घेतलं होतं, हे कळलं की पहिली कोण या वादातली गोडी कमी होते.

आता त्या दहा महिन्यांच्या गाभ्याकडे येतो.

खेड्यातल्या पाळकाचं काम म्हणजे रविवारचा उपदेश एवढंच नसतं. घरोघर जायचं, आजाऱ्यापाशी बसायचं, मयताला उभं राहायचं. त्या काळी मयत बरेचदा लहान मुलांचं. आणि काल्व्हिनच्या परंपरेतला जुना कडक समज असा की माणूस पापातच जन्माला येतो आणि तान्हं मूलही त्यातून सुटत नाही. देव कोप करणारा आहे आणि नरक शाश्वत आहे, याची धास्ती घालून जिवंत माणसांना वळणावर आणायचं, मेलेल्या मुलाचा दाखला देऊन आईबापांना जागं करायचं, ही पाळकाकडून अपेक्षा. मंडळीतल्या काहींनी ती बोलून दाखवली. अँटोनेटबाईंना ते जमेना. पेटीत ठेवलेल्या त्या एवढ्याशा देहासमोर उभं राहून त्याच्या आईला नरकाची भीती घालणारे शब्द त्यांच्या तोंडून निघेनात. आधी त्यांना वाटलं आपलीच श्रद्धा डळमळतेय. मग झोप गेली, तब्येत ढासळली. जुलै 1854 मध्ये त्यांनी स्वतः विनंती करून पद सोडलं.

विरोधकांनी म्हटलं, बघा, बाईला झेपलं नाही. चळवळीतल्या मैत्रिणी हळहळल्या. माझ्या मते हा त्यांच्या पाळकपदाचा सर्वांत खरा क्षण होता. पौलाच्या वचनाशी त्या पुस्तकाच्या आधारे लढल्या होत्या. इथे पुस्तक बाजूला पडलं आणि समोर एक बाळ आणि एक आई होती. त्या वेळी त्या स्वतः अविवाहित, एकोणतीस वर्षांच्या. आई झाल्यावर मन हळवं झालं आणि धर्म मवाळ झाला, अशी सोयीची मांडणी इथे चालत नाही. आईचा प्रश्न त्यांनी आई होण्याच्या आधीच घेतला होता.

1855 मध्ये त्या न्यूयॉर्कच्या गरीब वस्त्यांत आणि तुरुंगांत काम करत होत्या, ग्रीलींच्या पत्रात त्यावर लिहीत होत्या. 24 जानेवारी 1856 रोजी त्यांनी सॅम्युअल ब्लॅकवेल यांच्याशी लग्न केलं. हे ब्लॅकवेल घराणं म्हणजे एक प्रकरणच. सॅम्युअलची बहीण एलिझाबेथ ही 1849 मध्ये वैद्यकीय पदवी मिळवणारी अमेरिकेतली पहिली स्त्री, दुसरी बहीण एमिली डॉक्टर, भाऊ हेन्री लूसी स्टोनचा नवरा. घरातल्या पाचही बहिणींनी लग्न केलं नाही, आणि सुनांपैकी दोघी या अशा. कॉलेजच्या मैत्रिणी जावा झाल्या.

नोव्हेंबर 1856 मध्ये पहिली मुलगी, फ्लोरेन्स. 1869 मध्ये शेवटची, एथेल. एकूण सात बाळंतपणं, जगल्या पाच मुली. याच काळात चळवळीतल्या सूझन अँथनीने त्यांना लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. दोन झाली तेवढी पुरेत, आता आणखी मूल नको, अशी दटावणी त्यात आहे. सूझनचा वैताग समजण्यासारखा होता. लूसी बाळंतीण, अँटोनेट बाळंतीण, सभेला उभं कोणी राहायचं? चळवळीचा गाडा एकटी ओढणारीची ती चिडचिड आहे. पण अँटोनेटबाईंनी तो सल्ला मानला नाही. मुलं हवीत आणि काम पण हवं, हा त्यांचा हट्ट होता.

इथे माझं त्यांच्याशी एक भांडण आहे, ते बोलून टाकतो. मे 1860 मध्ये न्यूयॉर्कच्या स्त्री-हक्क अधिवेशनात चळवळीतल्याच एलिझाबेथ केडी स्टॅंटनने घटस्फोट सुलभ करावा असे ठराव आणले. दारुड्या, मारकुट्या नवऱ्यापासून सुटायला बाईला वाट हवी, असा सरळ मुद्दा. अँटोनेटबाईंनी प्रतिठराव मांडले: विवाहाचं बंधन आजन्म आहे, ते मोडत नाही. गैरवागणुकीपासून वेगळं राहण्याचा हक्क त्यांना मान्य होता, पण नातं संपतं हे मान्य नव्हतं. तान्ह्या मुलासमोर ज्यांनी सिद्धांत सोडला, त्यांनी मार खाणाऱ्या बाईसमोर तो का धरून ठेवला? स्वतःला सॅम्युअलसारखा नवरा मिळाल्यामुळे दुसरीच्या नरकाचा अंदाज आला नसावा, असं मला वाटतं. चांगल्या संसारातली माणसं या बाबतीत बरेचदा आंधळी असतात.

त्या संसारात सॅम्युअलने घरकामाचा वाटा उचलला, म्हणूनच बाईंना दिवसाकाठी सुमारे तीन तास अभ्यासाला मिळत. ब्लॅकवेल कुटुंब न्यू जर्सीत राहत होतं. त्या तीन तासांतून पहिलं मोठं पुस्तक आलं 1869 साली, 'स्टडीज इन जनरल सायन्स'. त्याची प्रत त्यांनी चार्ल्स डार्विनला पाठवली. डार्विनचं आभाराचं सौजन्यपूर्ण पत्र आलं, मायना होता 'प्रिय महाशय'. लेखक पुरुषच असणार, हे त्याने गृहीत धरलं होतं.

मग 1871 मध्ये डार्विनचं मानववंशावरचं पुस्तक आलं. पुरुषाची बुद्धी स्त्रीहून सरस, आणि ती पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीतून तशी झाली, हा त्यातला निष्कर्ष. हर्बर्ट स्पेन्सर तर म्हणत होता की प्रजननासाठी शक्ती राखून ठेवावी लागते म्हणून स्त्रीची वाढ लवकर थांबते. 1875 मध्ये अँटोनेटबाईंनी 'द सेक्सेस थ्रूआउट नेचर' लिहून दोघांना उत्तर दिलं. त्यांच्या पद्धतीत मला त्यांचं सगळं आयुष्य दिसतं. किडे, मासे, पक्षी, सस्तन प्राणी, एकेक गट घेऊन त्यांनी तक्ते मांडले. नराकडे आकार, ताकद, रंग, झुंज. मादीकडे काय? शास्त्रज्ञ हा रकाना रिकामा सोडत होते. बाईंनी तो भरला: अंडी, गर्भ, दूध, पिलांना भरवणं, त्यासाठी खर्ची पडणारी सगळी शक्ती. दोन्ही बाजूंची बेरीज केली तर प्रत्येक जातीत नर-मादी तुल्यबळ ठरतात, हा त्यांचा सिद्धांत. पाच मुली वाढवलेल्या बाईलाच हा रकाना रिकामा ठेवणं अशक्य होतं. आपल्याकडे प्रयोगशाळा नाही हे त्यांना ठाऊक होतं. पण स्त्रीच्या अनुभवाची साक्ष स्त्रीनेच द्यायला हवी, पुरुष ती देऊ शकत नाही, असा त्यांचा दावा होता. त्यांच्या तक्त्यांतली कित्येक गणितं आज टिकणार नाहीत. हिशोबात काय धरलंच नाही हा प्रश्न मात्र जीवशास्त्रात स्त्रिया मोठ्या संख्येने आल्यावर शंभर वर्षांनी पुन्हा विचारला गेला.

त्याच्या दोन वर्षं आधी, 1873 मध्ये, न्यूयॉर्कच्या महिला परिषदेत त्यांनी घरकाम आणि बाहेरचं काम यांच्या संबंधावर निबंध वाचला होता. बाईने रोज काही तास बाहेरचं, बुद्धीचं काम करावं आणि नवऱ्याने घरचा भार वाटून घ्यावा, तरच दोघांचं भलं, असं त्यात आहे. यात उपदेशाचा सूर कमी आणि वेळापत्रकाचा जास्त आहे. घर सांभाळून सगळं करणारी बाई म्हणून स्त्रीला देव्हाऱ्यात बसवायची आपली जुनी खोड आहे. तसल्या गौरवाचा या निबंधात मागमूस नाही.

इथे आपल्या लोकांची आठवण येणं साहजिक आहे. अँटोनेटबाईंनी पुढे न्यू जर्सीतल्या ज्या एलिझाबेथ शहरात चर्च उभं केलं, त्याला लागूनच रोसेल हे गाव आहे. 1883 मध्ये आनंदीबाई जोशी अमेरिकेत उतरल्या त्या याच रोसेलला, कार्पेंटरबाईंच्या घरी. आनंदीबाई वैद्यकाकडे वळल्या त्याचं कारण आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत: चौदाव्या वर्षी झालेला मुलगा दहा दिवसांत गेला. 1886 मध्ये त्यांच्या पदवीदानाला फिलाडेल्फियात पंडिता रमाबाई हजर होत्या. रमाबाईंनी अमेरिकेत पाहिलेल्या स्त्री-संस्थांचं वर्णन 1889 च्या मराठी पुस्तकात केलं, तेव्हा मराठी वाचकांना त्या जगाची सविस्तर ओळख झाली. रमाबाईंचा स्वतःचा अनुभव काय होता? इंग्लंडमध्ये चेल्टनहॅमला असताना त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये, म्हणून भारतातल्या बिशपांनी हरकत घेतली. रमाबाई ऐकणाऱ्यांतल्या नव्हत्या. शिवाय मुलगी मनोरमा हिला कोणतं धर्मशिक्षण द्यायचं ते आई म्हणून मी ठरवेन, असं त्यांनी आपल्याला बाप्तिस्म्यापर्यंत नेणाऱ्या इंग्रज धर्मभगिनींना ठणकावून कळवलं. आणि आज पुण्यात ज्ञानप्रबोधिनीत तयार झालेल्या स्त्री-पुरोहित लग्न लावतात, श्राद्ध सांगतात, तेव्हा यजमानांच्या घरातली एखादी आजी दाराआडून कुरकुरते, हेही आपण पाहतो.

पुढचं आयुष्य मी भरभर सांगतो. 1878 मध्ये युनिटेरियन पंथाने त्यांना पाळक म्हणून मान्यता दिली. त्याच वर्षी ऑबरलिनने सन्मान्य एम. ए. दिली. ईश्वरविज्ञानाचा अभ्यासक्रम पुरा केल्याला अठ्ठावन्न वर्षं उलटल्यावर, म्हणजे 1908 मध्ये, त्यांना त्या विषयातली सन्मान्य डॉक्टरेट मिळाली. तोवर बाई त्र्याऐंशी वर्षांच्या होत्या आणि पदवीची गरज संपून जमाना झाला होता. 1901 मध्ये सॅम्युअल गेले. 1903 मध्ये त्यांनी एलिझाबेथ शहरात ऑल सोल्स हे युनिटेरियन चर्च उभं करण्यात पुढाकार घेतला आणि तिथे उपदेश केला. ज्या पंथात तान्ह्या मुलाला नरकात पाठवावं लागत नाही, असं व्यासपीठ त्यांना पुन्हा मिळालं होतं. शेवटचा उपदेश केला तेव्हा त्या नव्वदीच्या होत्या. फ्लोरेन्सने धर्मोपदेशाचं काम केलं, पण मेथडिस्ट पंथात. एडिथ आणि एथेल डॉक्टर झाल्या. अ‍ॅग्नेस चित्रकार झाली.

2 नोव्हेंबर 1920 रोजी, पंचाण्णव वर्षांच्या असताना, त्यांनी पहिल्यांदा मतदान केलं. सूझन, स्टॅंटन, लूसी, सगळ्या आधीच गेल्या होत्या. पुढच्याच वर्षी अँटोनेटबाई गेल्या.

ब्लॅकवेल घराण्याचे कागद आज हार्वर्ड विद्यापीठातल्या श्लेसिंगर ग्रंथालयात आहेत. लूसी आणि अँटोनेट या जावांची एकमेकींना लिहिलेली पत्रं 1987 साली पुस्तकरूपाने आली. तरुण मंडळींपैकी कोणाला यावर काम करायचं असेल तर सुरुवात चरित्रांपासून न करता या पत्रांपासून करा. सभांच्या खटपटी, पैशाची ओढाताण, धर्मावरचे वाद आणि मुलंबाळं, सगळं एकाच पत्रात, एकाच दमात येतं, आणि वाद आला म्हणून दोघींपैकी कोणी पत्र लिहायचं थांबवलेलं नाही.